आकड्यांवरची पट्टी कुठे जाते?

विचारा, सांगते : संख्याशास्त्र आणि संगणक

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं आर या संख्याशास्त्राच्या संगणकी भाषेतल्या ॲट्रिब्यूटबद्दल, म्हणजे आकड्यांना जोडलेल्या माहितीच्या पट्ट्यांबद्दल आहेत. कुणाची लेबलं गायब झाली, कुणाच्या तारखांचे पाच आकडी अंक झाले, कुणाचे एकर आणि हेक्टर एकमेकांत मिसळले. अडचणी वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे, म्हणून या अंकात दुसरं काही घेत नाही. नेहमीप्रमाणे आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांतच लिहायच्या.

आदरणीय मॅडम, मी सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधली फाइल मी हेवन पॅकेजने आर भाषेत उघडली. तेव्हा प्रत्येक स्तंभाच्या नावाखाली त्याचा अर्थ दिसत होता. मग सबसेट वापरून महाराष्ट्राच्या नोंदी वेगळ्या केल्या, वजनातले खास आकडे इफएल्सने (अटीनुसार दोनपैकी एक मूल्य देणाऱ्या आज्ञेने) रिकामे केले आणि जिल्ह्यांची माहिती मर्जने जोडली. आता व्ही००५ आणि व्ही४३७ या स्तंभांचं लेबल गेलं आहे, व्ही०२५चं मात्र शाबूत आहे. काहींचं जातं आणि काहींचं राहतं, हे कसं? — एक वाचक, नागपूर

तुम्ही कुठली लेबलं गेली आणि कुठली राहिली हे नेमकं लिहिलंत, त्यामुळे कारण शोधायला वेळ लागला नाही. अडचण विचारताना सर्वांनी असंच लिहावं.

आधी ॲट्रिब्यूट म्हणजे काय ते पाहू. मी अनेक वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला प्रयोगशाळेतली रक्ताची नळी आठवते. नळीतलं रक्त म्हणजे तुमचे आकडे, आणि नळीवर चिकटवलेली नाव-वय-तारखेची पट्टी म्हणजे ॲट्रिब्यूट. पट्टी निघाली म्हणून रक्त बदलत नाही, पण ते कुणाचं हे आता कुणीच सांगू शकत नाही. आर भाषेत जवळपास प्रत्येक वस्तूला अशा कितीही पट्ट्या लावता येतात. एक लावायची तर:

ॲट्र(वजन, "लेबल") <- "वजन, किलो"

सगळ्या एकदम पाहायच्या तर ॲट्रिब्यूट्स(वजन). एखादी काढायची तर तिच्या जागी नल, म्हणजे 'काहीच नाही', ठेवायचं. लावण्याचं काम एवढंच आहे. अवघड आहे ते पट्टी टिकवणं.

तुमच्या फाइलमध्ये दोन जातींचे स्तंभ आहेत. व्ही०२५ म्हणजे राहण्याचं ठिकाण: १ म्हणजे शहरी, २ म्हणजे ग्रामीण. इथे आकड्यांना अर्थ जोडलेले आहेत, म्हणून हेवन त्या स्तंभाला स्वतःचा एक क्लास, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारी पट्टी, देतं. क्लास असला की चौकटी कंसाने तुकडा काढताना त्या क्लासची स्वतःची पद्धत चालते आणि ती लेबलं जपते. व्ही००५ म्हणजे सर्वेक्षणाचं भारांक-मूल्य, प्रत्येक नोंदीला हिशेबात किती महत्त्व द्यायचं तो आकडा. त्यात १, २ असे संकेत नाहीत, नुसते आकडे आहेत, म्हणून तो साधा संख्यांचा व्हेक्टर, म्हणजे मूल्यांची एक रांग, राहतो आणि त्यावर "लेबल"सारख्या पट्ट्या असतात, क्लास नसतो. साध्या व्हेक्टरचा तुकडा काढताना आर भाषा नेम्स (मूल्यांची नावं) जपते, डिम (ओळी-स्तंभांची संख्या) आणि डिमनेम्स (ओळी-स्तंभांची नावं) यांना त्यांच्या नियमाने वागवते आणि बाकीच्या पट्ट्या काढून टाकते. सबसेट आणि मर्ज आतून हाच चौकटी कंस वापरतात. व्ही००५चं लेबल तिथे गेलं.

व्ही४३७ची, म्हणजे वजनाच्या स्तंभाची, कथा निराळी आहे. त्याला क्लास होता, पण तुम्ही इफएल्स वापरलंत. इफएल्स आपल्या उत्तराला पट्ट्या देतं त्या अटीच्या, म्हणजे खरं-खोटंच्या व्हेक्टरच्या. ज्या आकड्यांतून उत्तर बनलं त्यांच्या पट्ट्या ते पाहतच नाही. त्यामुळे क्लास, लेबल आणि संकेतांचे अर्थ एकाच ओळीत गेले.

हे केवळ देखणेपणाचं नुकसान नाही. या सर्वेक्षणात व्ही४३७ हे वजन किलोत असतं, पण एक दशांश स्थळ गृहीत धरून. ४५२ म्हणजे ४५.२ किलो. ९९९४ म्हणजे ती स्त्री मोजणीच्या वेळी हजर नव्हती, ९९९५ म्हणजे तिने नकार दिला. व्ही००५ मध्ये तर सहा दशांश स्थळं गृहीत असतात, म्हणजे दहा लाखांनी भागायचं. ही माहिती लेबलात असते. न भागता भारित सरासरी काढली तर ती बरोबरच येते, कारण वर-खाली दोन्हीकडे तोच गुणक असतो. त्यामुळे चूक लपून राहते आणि एकूण संख्या काढायला गेल्यावर दहा लाख पटींनी फुगलेला आकडा समोर येतो. लेबल स्तंभासोबत प्रवास करत असतं तर शंका सुरुवातीलाच आली असती.

आता उपाय. खास आकडे रिकामे करायला इफएल्स नको. जागच्या जागी बदला:

वजन[वजन > ९९९०] <- एनए

डाव्या बाजूला चौकटी कंस असला की वस्तू तीच राहते, तिच्यातल्या काही जागाच बदलतात, आणि पट्ट्या जागेवर राहतात. ही एक सवय लागली तरी बरीच लेबलं वाचतील.

दुसरं, मूळ फाइल उघडल्याबरोबर, तिला हात लावण्याआधी, सगळ्या स्तंभांच्या लेबलांची नक्कल घेऊन त्यांचा वेगळा तक्ता करा: स्तंभाचं नाव, अर्थ, एकक, दशांश स्थळं, खास आकडे. काम संपल्यावर या तक्त्यावरून लेबलं पुन्हा चिकटवता येतात. मी विद्यार्थ्यांकडून हा तक्ता पहिल्या दिवशीच करून घेत असे आणि तो दाखवल्याशिवाय पुढचं विश्लेषण बघत नसे. पट्टीवर विसंबू नका असं मी म्हणत नाही. पट्टी हवीच, पण तिची नक्कल अशा ठिकाणी हवी जिथे चौकटी कंसाचा हात पोचत नाही.

तिसरी गोष्ट पत्रात नाही, पण तुमच्या पुढच्या पायरीवर ती उभी आहे. वजनाला दहाने भागाल तेव्हा स्तंभ साधा व्हेक्टर असेल आणि त्यावर लेबल असेल, तर भागाकारानंतर ते जसंच्या तसं राहील: "वजन किलोत, एक दशांश". आता ते खोटं आहे, कारण दशांश तुम्ही घेऊन टाकलात. आर भाषेला लेबलातलं वाक्य वाचता येत नाही. म्हणून भागाकाराच्या पुढच्याच ओळीत नवं लेबल लिहा. हरवलेल्या लेबलापेक्षा शिळं लेबल मला जास्त धोक्याचं वाटतं. लेबल हरवलं तर माणूस निदान शोधायला जातो.

जाता जाता, लेबल तपासताना ॲट्र(वजन, "लेबल", इग्झॅक्ट = ट्रू) असं लिहीत जा. हेवनमध्ये स्तंभाच्या अर्थाला "लेबल" म्हणतात आणि संकेतांच्या अर्थांना "लेबल्स". ॲट्र अर्धवट नावही जुळवून घेतं. "लेबल" अस्तित्वातच नसेल तर ते मुकाट्याने "लेबल्स" आणून देतं, आणि तुम्हाला वाटतं लेबल आहे.

मॅडम, आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला आर भाषा आली आहे. एका विद्यार्थिनीने विचारलं, व्हेक्टर आणि मॅट्रिक्स या दोन वेगळ्या वस्तू आहेत की एकच? पुस्तकात दोन वेगळी प्रकरणं आहेत. तिला काय सांगू? — एक अध्यापक, कोल्हापूर

तिला सांगा की प्रश्न फार चांगला आहे आणि उत्तर आहे: एकच. फरक एका ॲट्रिब्यूटचा.

वर्गात हे करून दाखवा. १ ते ६ हे आकडे क या नावात ठेवा. छापून बघा, एका ओळीत सहा आकडे. आता एवढंच लिहा:

डिम(क) <- सी(२, ३)

आणि पुन्हा छापा. दोन ओळी, तीन स्तंभ. वरच्या ओळीत १, ३, ५ आणि खालच्या ओळीत २, ४, ६. मुलांना इथे थांबवा आणि विचारा की १ नंतर त्याच ओळीत २ का नाही आला. आर भाषा स्तंभ आधी भरते, वरून खाली, मग पुढचा स्तंभ. स्मृतीतले सहा आकडे हललेले नाहीत. त्यांच्यावर "२ बाय ३" अशी नोंद लागली, आणि छापणाऱ्या फंक्शनने ती वाचून मांडणी बदलली. डिम(क) <- नल लिहिलं की पुन्हा एक ओळ. ही आज्ञा स्वतःच्या हाताने दिल्यावर मुलांच्या डोक्यातला गोंधळ जसा जातो तसा फळ्यावरच्या कितीही आकृत्यांनी जात नाही.

मग सी(२, ४) देऊन बघायला सांगा. आर भाषा नकार देईल, कारण दोन गुणिले चार आठ होतात आणि आकडे सहाच आहेत. "लेबल" किंवा "स्रोत" अशा आपण ठरवलेल्या नावाखाली काहीही लिहा, आर भाषा विचारत नाही. पण डिम, नेम्स, डिमनेम्स, क्लास अशी थोडी नावं तिच्या स्वतःच्या वापराची आहेत आणि तिथे ती तपासणी करते. नेम्स असलेल्या व्हेक्टरला डिम दिलं तर ती नेम्स काढून टाकते. आणि ॲट्रिब्यूट्स वापरून अनेक पट्ट्या एकदम लावल्या तर तुम्ही कुठल्याही क्रमाने लिहा, डिम सर्वांत आधी लावलं जातं, कारण ओळी-स्तंभ ठरल्याशिवाय त्यांना नावं देता येत नाहीत.

वस्तू साध्या व्हेक्टरची ठेवायची आणि तिचं रूप ॲट्रिब्यूटमधून ठरवायचं, ही मांडणी आर भाषेला एस भाषेकडून मिळाली. एस भाषा जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये घडवली. पुढे न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तिच्या धर्तीवर आर भाषा उभी केली. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. मला या रचनेचं मनापासून कौतुक वाटतं. फॅक्टर म्हणजे पूर्णांकांचा व्हेक्टर अधिक लेव्हल्स (गटांची नावं) अधिक क्लास. तारीख म्हणजे एक संख्या अधिक क्लास. डेटा फ्रेम म्हणजे लिस्ट अधिक नावं, ओळींची नावं आणि क्लास. थोड्या साध्या वस्तूंवर एवढा मोठा पसारा उभा आहे. अनक्लास हे फंक्शन मुलांना शिकवा. कुठल्याही वस्तूवर ते चालवलं की क्लास उतरतो आणि आतलं खरं रूप दिसतं.

याच प्रकरणात एक गोष्ट मात्र घोटून घ्या. मॅट्रिक्सची एकच ओळ काढली, म्हणजे क[१, ], तर डिम गळतं आणि हातात साधा व्हेक्टर येतो. पुढच्या ओळीत कुणी स्तंभांची संख्या विचारली तर नल मिळतं. एकच ओळ असली तरी मॅट्रिक्स हवी असेल तर क[१, , ड्रॉप = फॉल्स]. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मुलांचे प्रोग्रॅम अडकतात ते बरेचदा इथेच.

स्केल हे फंक्शनही दाखवा. ते प्रत्येक स्तंभातून सरासरी वजा करतं, प्रमाण विचलनाने भागतं, आणि वापरलेली सरासरी आणि विचलन दोन्ही ॲट्रिब्यूट म्हणून उत्तराला जोडून ठेवतं. मूळ मापात परत यायचं असेल तर सगळी सामग्री तिथेच असते. ॲट्रिब्यूट कसं वापरावं याचा इतका सुंदर नमुना दुसरा मला माहीत नाही.

ताई, मी कृषी पदवीधर असून शेतकरी गटांच्या नोंदी ठेवतो. पेरणीची तारीख आणि दुबार पेरणीची तारीख असे दोन स्तंभ आहेत. दुबार असेल तर ती, नसेल तर पहिली, असा तिसरा स्तंभ इफएल्सने केला. तारखांऐवजी १९८८९, १९९०८ असे आकडे आले. माझ्या नोंदी खराब झाल्या का? — एक वाचक, राहुरी

नाही, नोंदी शाबूत आहेत. १९८८९ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून इतके दिवस, म्हणजे १५ जून २०२४. आणि १९९०८ म्हणजे ४ जुलै २०२४. आर भाषा तारीख आतून अशीच ठेवते आणि तिच्यावर "डेट" हा क्लास लावते. छापताना क्लास दिसला तर तारीख छापते, नाही दिसला तर नुसती संख्या.

नागपूरच्या उत्तरात सांगितलेलंच इथे झालं. इफएल्सने पट्ट्या अटीकडून घेतल्या, अटीला डेट क्लास नव्हता. आत्ता दुरुस्ती करायची तर ॲज.डेट(अंतिम) पुरे. ४.३.० च्या आधीची आवृत्ती असेल तर ओरिजिन = "१९७०-०१-०१" हेही सांगावं लागतं, म्हणून संगणकावर कोणती आवृत्ती आहे ते आधी बघा. पुढच्या वेळी असं करा:

अंतिम <- पेरणी
आहे <- !इज.एनए(दुबार)
अंतिम[आहे] <- दुबार[आहे]

तीन ओळी लागतात, पण तारीख तारीखच राहते. डीप्लायर पॅकेज वापरत असाल तर त्यातलं अधोरेषा असलेलं इफ_एल्स हेच काम एका ओळीत करतं आणि क्लास सांभाळतं.

फॉर लूपमध्ये तारखा एकेक करून फिरवल्या तरी क्लास गळतो आणि आत संख्या येतात. तिथे तारखांवर न फिरता क्रमांकांवर फिरा, म्हणजे सेक_अलाँग, आणि आत तारखा[आय] असं घ्या. सॅप्लाय आणि अनलिस्ट यांच्यातूनही तारखा संख्या होऊनच बाहेर येतात. शेतकऱ्याला पीक विम्यासाठी जी तारीख दाखवायची ती अशी वाटेत बदलून चालणार नाही. अहवाल छापण्याआधी प्रत्येक तारखेच्या स्तंभावर क्लास फंक्शन चालवून "डेट" उत्तर येतं का एवढं जरूर बघा.

मॅडम, एका गावाचं क्षेत्र एकरात होतं, दुसऱ्याचं हेक्टरात. दोन्ही व्हेक्टरना ॲट्रने "एकक" लावलं होतं. तरी बेरीज करताना आर भाषेने काहीच तक्रार केली नाही, उलट उत्तरावर "एकर" असं लिहून आलं. मग एकक लावून उपयोग काय? — एक वाचक, सांगली

तुमचा राग समजतो, आणि प्रश्न मुळाला हात घालणारा आहे.

तुम्ही लावलेलं "एकक" हे आर भाषेच्या दृष्टीने केवळ मजकूर आहे. बेरीज, गुणाकार, भागाकार करताना तिचा नियम असा: दोन्ही व्हेक्टरची लांबी सारखी असेल तर दोघांचेही ॲट्रिब्यूट उत्तरावर उतरवायचे, आणि एकाच नावाचं दोघांकडे असेल तर पहिल्याचं ठेवायचं. तुमच्या बेरजेत एकराचा व्हेक्टर आधी होता, म्हणून "एकर". क्रम उलटा केला असता तर तेच उत्तर "हेक्टर" म्हणून आलं असतं. लांबी कमी-जास्त असेल तर लांब व्हेक्टरचे ॲट्रिब्यूट उतरतात, आखूडचे नाहीत. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर, तेव्हा तुमच्या उत्तराला कुठल्याच एककात अर्थ नाही.

गुणाकारातही तेच. शेताची लांबी "मीटर" आणि रुंदी "मीटर", गुणाकार केला तर उत्तर पुन्हा "मीटर". वर्गमूळ काढलं तरी "मीटर". आणि याउलट सम आणि मीन घेतलं की पट्टीच गायब, नुसती संख्या. म्हणजे जिथे एकक बदलायला हवं तिथे ते तसंच राहतं आणि जिथे तसंच राहायला हवं तिथे जातं.

याचा अर्थ ॲट्रिब्यूट निरुपयोगी आहे असा नाही. एककाला वागणूक हवी असेल तर नुसती पट्टी पुरत नाही, तिच्यासोबत क्लास हवा आणि त्या क्लाससाठी बेरीज, गुणाकार कसे करायचे हे कुणीतरी लिहिलेलं हवं. सुदैवाने ते लिहिलेलं आहे. युनिट्स नावाचं पॅकेज घ्या. एडझर पेबेस्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम आहे. सेट_युनिट्सने एकाला एकर आणि दुसऱ्याला हेक्टर सांगा. बेरीज करताना ते दुसऱ्याचं रूपांतर पहिल्याच्या एककात करूनच मिळवेल. मीटर गुणिले मीटर चौरस मीटर होतील. आणि एकरात किलो मिळवायला गेलात तर ते सरळ नकार देईल, जे तुम्हाला हवं होतं. एकर, हेक्टर त्याला माहीत आहेत, गुंठा माहीत नाही. पण इन्स्टॉल_युनिट वापरून १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट असं एकदा नोंदवलं की पुढे तेही चालतं. जमिनीच्या नोंदींवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे करून ठेवावं, कारण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टरात असतं आणि बांधावर बोलणं एकर-गुंठ्यांत होतं.

नत्राच्या मात्रा ०, ५०, १००, १५० किलो अशा आहेत. फॅक्टर केल्यावर ॲज.न्यूमेरिक लावलं तर १, २, ३, ४ मिळतात. — एक विद्यार्थी, अकोला

फॅक्टरच्या आत तेच आहे. ५० आणि १०० हे आकडे लेव्हल्स या ॲट्रिब्यूटमध्ये मजकूर म्हणून बसलेले असतात, आणि ॲज.न्यूमेरिक सगळ्या पट्ट्या उतरवून आतले क्रमांक देतं. ॲज.न्यूमेरिक(ॲज.कॅरेक्टर(मात्रा)) असं लिहा. मात्रा फाइलमधून मजकूर म्हणून आल्या असतील तर लेव्हल्स वर्णक्रमाने लागतात: ०, १००, १५०, ५०. मग १ ते ४ यांचा चढता क्रमही खरा नसतो, आणि आलेखातली रेषा वेडीवाकडी दिसते. फॅक्टर करतानाच लेव्हल्स हव्या त्या क्रमाने स्वतः लिहून द्या.

मॅडम, मी एक फंक्शन लिहिलं. त्यात येणाऱ्या व्हेक्टरला ॲट्रने "स्रोत" लावतो. फंक्शन चालतं, चूक दाखवत नाही, पण बाहेर व्हेक्टरवर काहीच लागत नाही. आणि उत्तर व्हेक्टरमध्ये साठवलं तर त्यात आकडे नसून स्रोताचं वाक्यच येतं! — एक वाचक, पुणे

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पहिली: फंक्शनमध्ये गेलेली वस्तू तिथे बदलली की आर भाषा तिची नक्कल करते आणि बदल नकलेवर होतो. बाहेरची वस्तू जशीच्या तशी राहते. ही तिची मोठी खूबी आहे, कारण कुठलं तरी दूरचं फंक्शन तुमचे आकडे परस्पर बदलू शकत नाही. म्हणून बदललेली वस्तू परत करायची आणि बाहेर नावात साठवायची.

दुसरी: तुमच्या फंक्शनची शेवटची ओळ ॲट्र(...) <- "..." अशी असणार. आर भाषेत फंक्शनचं उत्तर म्हणजे त्याच्या शेवटच्या ओळीचं मूल्य, आणि अशा ओळीचं मूल्य म्हणजे बाणाच्या उजवीकडचा मजकूर. त्याच्या खाली एका ओळीवर फक्त व्हेक्टरचं नाव लिहा, काम होईल. किंवा स्ट्रक्चर वापरा: स्ट्रक्चर(आकडे, स्रोत = "...") हे वस्तू आणि तिच्या पट्ट्या एकत्र परत करतं. लहान फंक्शनांत मी नेहमी स्ट्रक्चरच पसंत करते, वाचणाऱ्याला एका नजरेत सगळं दिसतं.

डेटा.टेबल पॅकेजमधलं सेटॲट्र नक्कल न करता मूळ वस्तूवरच पट्टी लावतं. फार मोठ्या तक्त्यांसाठी ते उपयोगी आहे. तुमच्यासारख्या आकाराच्या कामात त्याची गरज नाही, आणि सवय नसताना त्याने गोंधळच वाढेल.

आमच्या संस्थेच्या पाहणीतल्या स्तंभांना मराठीत लेबलं लावली तर चालतील का? आणि ती फाइल सहकाऱ्यांना पाठवली तर लेबलं पोचतील का? — एक कार्यकर्ती, नंदुरबार

जरूर लावा. तुमच्या पाहणी करणाऱ्या मुली मराठीत प्रश्न विचारतात आणि मराठीत उत्तरं लिहितात, तर स्तंभाचा अर्थही त्यांना वाचता येईल असाच हवा. लेबल हा मजकूर आहे आणि मजकूर देवनागरीत असायला आर भाषेची काही हरकत नाही. विंडोजवर पूर्वी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं येत. २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० आवृत्तीपासून नव्या विंडोजवर आर भाषा यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत वापरते, तेव्हा ती किंवा त्यानंतरची आवृत्ती सगळ्यांच्या संगणकांवर घाला. स्तंभांची नावं मात्र लहान आणि रोमन अक्षरांतच ठेवा, म्हणजे कुठल्याही संगणकावर आज्ञा अडणार नाहीत, आणि पूर्ण मराठी प्रश्न लेबलात लिहा.

पाठवताना राइट.सीएसव्ही वापरलंत तर एकही लेबल पोचणार नाही. सीएसव्हीमध्ये नावं आणि मूल्यं एवढीच जागा असते. सहकारी आर भाषा वापरत असतील तर सेव्हआरडीएसने साठवा. ते वस्तू तिच्या सगळ्या ॲट्रिब्यूटसह ठेवतं, आणि पलीकडे रीडआरडीएसने उघडली की लेबलं जागेवर असतात. जे एक्सेल वापरतात त्यांच्यासाठी सीएसव्हीसोबत दुसरी फाइल द्या: स्तंभाचं नाव, मराठी लेबल, एकक आणि संकेतांचे अर्थ. ती रीडर पॅकेजमधल्या राइट_एक्सेल_सीएसव्हीने लिहा. ते फाइलच्या सुरुवातीला एक खूण घालतं, तिच्यामुळे एक्सेल देवनागरी नीट उघडतं. दोन्ही फाइलींच्या नावात एकच तारीख घाला, म्हणजे कुठली यादी कुठल्या आकड्यांची ते कळेल.